नवरा लपवायचा ठराव

मी सरपंच झाल्यापासून आमच्या ग्रामपंचायतीत एकच ठराव खऱ्या अर्थानं एकमतानं पास झाला, आणि नेमका तोच कुठं लिहिलेला नाही. ठराव असा की दिल्लीची पाहणी गावात असेपर्यंत सरपंचबाईंचा नवरा कोणाच्या नजरेला पडता कामा नये. माझ्याविरुद्ध निवडणूक लढवून सदस्य म्हणून आलेल्या बाईंनीही हात वर केला. हातपंपाच्या दुरुस्तीवर जी माणसं सकाळभर भांडली होती, ती माझ्या नवऱ्यावर चहा येईपर्यंत एक झाली.

नवऱ्यानं काही केलं होतं असं नाही. त्यांनी काहीच केलं नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत. सरपंचपद बायांसाठी राखीव निघालं त्या दिवशी चारपाच माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि ह्यांना विचारू लागली, "भाऊ, वैनीले उभं करता काय?" मी आत पोळ्या लाटत होते. हात पिठाचे तसेच घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "वैनीच्या उभं राहाचं वैनीले इचारा ना!" ओट्यावरचे सगळे एकमेकांकडं पाहू लागले. हे मात्र मान खाली घालून हसत होते. अशी मी रागाच्या भरात उभी राहिले आणि निवडून आले.

माझे हे बोलायला कमी. बैलांशी जेवढं बोलतात तेवढंही माणसांशी बोलत नाहीत. निवडून आले त्याच दिवशी मी त्यांना बजावलं, "ग्रामपंचायतीच्या पायरीवर पाय ठेवाचा नाई. लोक म्हनतीन, नवराच चालवते." ते "बरं" म्हणाले. आणि माणूस असा की खरंच ठेवला नाही. रहिवासी दाखला लागला तरी शेजाऱ्याच्या हातून अर्ज पाठवत आणि खाली रस्त्यावर उभं राहून वाट पाहत. घरी त्यांनी कधी गावच्या कामाचा विषय काढलाच, तर मी म्हणायची, ऑफिसचं ऑफिसात.

आता दिल्लीचं सांगते. आम्हाला स्थानिक स्वराज्य संस्था म्हणतात. स्वराज्य आहे, नाही असं नाही, पण त्याचा पासवर्ड दिल्लीला आहे. निधी येतो तो बांधून येतो. एवढा पाण्याला, एवढा स्वच्छतेला, उरलेला कशाला ते विचारून. गावाला पाहिजे असते शेतात जायची पांदण आणि पत्रकात जागा असते हात धुवायच्या बेसिनला. शिवाय प्रत्येक कामाचा फोटो मोबाइलवर, जागेच्या खुणेसकट. आमच्याकडं रेंज फक्त ग्रामपंचायतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ येते. म्हणून मासिक सभेचा फोटो काढायला सगळे सदस्य जिना चढून टाकीला खेटून उभे राहतात. तिकडं कोणी हे फोटो बघत असेल, तर त्याचा समज झाला असेल की अमरावती जिल्ह्यात सभा टाकीवरच भरतात.

मला याचा राग नाही. पैसा देणारा विचारणारच. सासू दुसऱ्या गावी राहत असली म्हणून सुनेची सुटका होत नाही, फोन असतोच. पण या वेळी विचारणं वेगळं होतं. दिल्लीत कोणाला तरी काळजी लागली होती की बाया खुर्चीवर बसतात आणि कारभार त्यांचे नवरे करतात. काळजी खोटी नाही. बैठकीत बायकोच्या मागं उभं राहून उत्तरं देणारे नवरे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. म्हणून काही गावं निवडून तिथं माणूस पाठवायचं ठरलं, आणि त्यात आमचं गाव निघालं.

ग्रामसेवकानं सांगितलं तेव्हा त्याचा आवाज पडलेला होता. "मॅडम, दिल्लीहून बाई येऊन राहिल्या. सरपंच खरा कोन, थे पाहाले."

"मंग पाहू दे की. मीच हाय."

"थे आपल्याले मालूम हाय, मॅडम. त्यायले कसं मालूम पडन? अहवालात एकदा लागलं का नवराच चालवते, तं मंग निघत नाई. पदावर येते मनतात."

पदाची भीती वाटलीच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त दुसरंच लागलं. नाली, अंगणवाडीचं बंद पडलेलं दार, वरच्या वस्तीचं पाणी, आणि आता पांदण. प्रत्येकासाठी मी घसा बसेपर्यंत भांडले होते. ते सगळं एका माणसाच्या नावावर जाणार होतं, ज्याला अंगणवाडीची चावी कोणाकडं असते हेही ठाऊक नव्हतं.

तोडगा काढला उपसरपंचांनी. ते नात्यानं माझे चुलत सासरे, ग्रामपंचायतीत मला मॅडम म्हणतात आणि घाबरले की सूनबाई. म्हणाले, "सूनबाई, आयका. नवरा दिसला का थे बाई इचारन. इचारलं का कोनीतरी तोंड उघडन. आपल्या गावाचं तोंड तुमाले मालूम हाय. नवराच नसला, तं बोलनार काय?"

"नसला म्हंजे?"

"अकोल्याले धाडून द्या दिवसभर. बहीन हाय ना भाऊची तथी. अन् गावात सांगून देऊ, कोनी इचारलं तं मनजा, आमाले मालूम नाई."

हाच तो ठराव. मी तेव्हाच टेबलावर हात आपटायला पाहिजे होता. एरवी आपटतेच. पण भीती घातली की शहाणपण घराबाहेर जातं, तसं माझं गेलं.

घरी सांगितलं तेव्हा ते बैलाच्या गळ्यातला कासरा सोडत होते. "मी काय चोर आहो?" एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळानं, "त्या दिवशी ग्रामसभा हाय ना?"

"हाय. त्या बाईसमोरच घ्याची हाय. काहून?"

"काई नाई," म्हणाले, आणि कासरा खुंटीला अडकवला. पाहणीच्या दिवशी सकाळी पिशवीत बहिणीसाठी थोडं तिखट घेऊन ते बडनेऱ्याच्या बसमध्ये बसले. तिथून अकोल्याची गाडी. बस वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा उपसरपंचांनी मोठा श्वास सोडला.

बाई आल्या त्या पायात खेळाडूंचे बूट, हातात स्वतःची पाण्याची बाटली. पन्नाशीच्या असतील. हिंदी इतकी स्वच्छ की आमची हिंदी त्यांच्यापुढं काढायची लाज वाटावी. चहा पुढं केला तर हात जोडले, म्हणाल्या नियम आहे, गावात काही घ्यायचं नाही. साखरही नको, सरबतही नको. माझ्या सासूबाईंनी माझ्या कानात विचारलं, "सुतक हाय काय वं तिले?"

बाईंनी सांगितलं की त्या गावात फिरतील, वाटेल त्याला विचारतील, आणि मी सोबत असले तरी मधे बोलायचं नाही. सरपंच झाल्यापासूनच्या दोन वर्षांत इतका वेळ मी कधी तोंड मिटून चालले नव्हते.

सुरुवात छान झाली. भाजीची टोपली घेऊन बसलेल्या माळ्याच्या सुनेला बाईंनी विचारलं, गावात अडचण आली तर कोणाकडं जाता? "सरपंचबाईकडं," ती म्हणाली. त्या ऐकून घेतात? "आयकते, पन पह्यले बोलते लय." बाई हसल्या. माझीही मान ताठ झाली. मग बाईंनी सहज विचारलं, सरपंचबाईंचे पती काय करतात?

तिच्या हातातलं वांगं टोपलीत पडलं. "आमाले मालूम नाई."

शेती करतात का?

"आमाले मालूम नाई."

याच गावचे आहेत ना?

"आमाले मालूम नाई," ती म्हणाली आणि मदतीसाठी माझ्याकडं पाहिलं. तिचं शेत आमच्या शेताला लागून आहे. आदल्याच आठवड्यात ह्यांनी तिची मोटर दुरुस्त करून दिली होती.

पानटपरी ह्यांच्या शाळेतल्या सोबत्याची. त्यानं तर कमालच केली. "नवरा? कोनाचा नवरा?" असं त्यानं बाईंनाच उलट विचारलं आणि दुकानाची फळी पाडून घेतली, भर दिवसा. पुढं ओट्यावर माझ्या चुलत आजेसासू ऊन खात बसल्या होत्या. त्यांना ठराव कळला होता, पण त्यांनी तो आपल्या पद्धतीनं मजबूत केला होता. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "तिले नवराच नाई बाप्पा."

बाईंनी वळून माझ्याकडं पाहिलं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातभर हिरव्या बांगड्या. त्यांची नजर एकेका वस्तूवरून फिरली.

आता गप्प राहिलो तर घात होईल असं मागून येणाऱ्या उपसरपंचांना वाटलं. ते पुढं धावले. "वैसा नहीं है म्याडम! है. नवरा है. लेकिन दिखता नहीं."

"कब से नहीं दिखते?"

आज सकाळपासून, एवढं सांगितलं असतं तरी निभावलं असतं. पण उपसरपंचांना सिद्ध करायचं होतं की नवरा ग्रामपंचायतीत कधीच आलेला नाही. म्हणाले, "दो साल से किसी ने नहीं देखा, म्याडम. कसम से."

बाईंची लेखणी थांबली. त्यांनी मला हाताला धरून लिंबाखाली बाजूला नेलं आणि हळू आवाजात विचारलं, तुमच्यावर काही दबाव आहे का? घाबरू नका, मला सांगा.

मला इतका संताप आला की हिंदी सुचेना. "मेरे ऊपर किसी का दबाव नहीं है, मेरा ही सब पर है!" असं मी ओरडले, आणि ते लांबपर्यंत ऐकू गेलं. बाईंनी समजूतदारपणे मान हलवली. तसली मान माणूस विश्वास न बसल्यावरच हलवतो. माझ्या साध्या सरळ नवऱ्याचं गावानं दोन तासांत असं करून ठेवलं की तो आता एकतर पडद्यामागचा गुंड होता, नाहीतर त्याचं काही बरंवाईट झालेलं होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

दुपारी देवळाच्या सभामंडपात ग्रामसभा भरली. बाई एका बाजूला खुर्चीवर, मी मधे, समोर गाव. पाण्याचा विषय झाला, दिवाबत्तीचा झाला. पांदणीचा विषय मी वाचायला घेतला तेवढ्यात मागच्या बाजूला गडबड उडाली. माणसं उठून उभी राहिली, खांद्याला खांदा लावून, अन् कोणीतरी कोणालातरी दाबून म्हणत होतं, "भाऊ, खाली बसा ना बावा, खाली बसा."

बाईंनी विचारलं, मागं काय चाललंय?

"कुछ नहीं म्याडम," उपसरपंच म्हणाले, "बैल घुसा है."

माणसांच्या त्या भिंतीमागून एक हात वर आला. हात मी ओळखला. मनगटावर दोरा मीच बांधला होता.

"मले तक्रार मांडाची हाय," आवाज आला.

ते अकोल्याला गेलेच नव्हते. बडनेऱ्याला उतरले, फलाटावर बसून राहिले, अकोल्याची गाडी समोरून जाऊ दिली आणि परतीची बस धरली. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की भिंत फुटली आणि हातात तिखटाची पिशवी घेऊन माझा नवरा समोर येऊन उभा राहिला. मी गोंधळले आणि सवयीनं जे कोणालाही विचारते तेच विचारलं, "नाव सांगा."

सगळा मंडप हसला. ते हसले नाहीत. त्यांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, शेताच्या गट नंबरासकट.

"पांदनीले माहा विरोध नाई," ते म्हणाले. पाठ करून आलेले दिसत होते. "रस्ता झालाच पायजे. पन दोन्ही अंगच्या धुऱ्या-बांधातून सारखं घ्याचं, असं याच सभेत ठरलं होतं. रेघेचा चुना मारला तवा समोरच्या धुऱ्यातून हातभर घेतलं अन् माह्यातून तीन हात. तुरीच्या उभ्या ओळी गेल्या माह्या. शेंगा भरल्या होत्या. मी काहून सोडू? सरपंचाचा नवरा हाय मनून?"

बाईंनी मला विचारलं, हे कोण?

"ये मेरे पति हैं," मी म्हटलं.

मागून आजेसासू म्हणाल्या, "सापडला काय?" पण या वेळी कोणी हसलं नाही, कारण गावाला माहीत होतं की तक्रार खरी आहे. समोरचा धुरा माझ्याविरुद्ध लढलेल्या बाईंच्या दिराचा. चुना मारायच्या दिवशी तो हाताची घडी घालून उभा होता. ग्रामसेवकानं मध्य काढून दाखवला, आणि मीच म्हटलं, आमच्याकडून जास्त घ्या, उद्या कोणी म्हणायला नको की सरपंचबाईनं आपला धुरा वाचवला. मला त्याचा मोठा अभिमान होता. तालुक्याच्या बैठकीत मी ते सांगितलं आणि टाळ्याही घेतल्या. त्याग माझा होता, तूर त्यांची होती.

"घरी काहून नाई बोलले?" मी खुर्चीवरूनच विचारलं.

"घरी काढलं का तू मनते, ऑफिसचं ऑफिसात. ऑफिसच्या पायरीवर येऊ नको मनते. मंग मी कोठी बोलू? ग्रामसभा तं सगळ्या गावाची हाय ना? मनून तिची वाट पाहत होतो."

उपसरपंच माझ्या कानाशी वाकले. "सूनबाई, आज नको. अर्ज ठेवून घेऊ. बाईची गाडी गेली का मंग पाहू."

सल्ला शहाणपणाचा होता. दिल्लीची बाई हातभर अंतरावर बसलेली. नवरा बोलला आणि सरपंचानं रेघ हलवली, हे पाहायलाच तर तिला इतक्या लांब पाठवलं होतं. आज मी नाही म्हटलं असतं तर माझं पद, माझं नाव, सगळं सुरक्षित होतं. ह्यांनीही काही म्हटलं नसतं. ते बोलून झाल्यावर खाली जमिनीकडं पाहत उभे होते, जणू जास्तच मागितलं. ते पाहून मला राग आला. दिल्लीचा आला, उपसरपंचांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला.

मी उठून उभी राहिले. "तक्रार बरोबर हाय. रेघ मी चुकीची मारली. सभेनं ठरवलं तशी मधातून परत मारू. ज्यायले मंजूर हाय त्यायनं हात वर करा."

हात लगेच येईनात. गाव सकाळपासून या माणसाला ओळखत नव्हतं, आता एकदम त्याच्या बाजूनं हात कसा वर करायचा? पहिला हात आजेसासूंचा आला. मग माळ्याच्या सुनेचा. मग भराभर. समोरच्या धुऱ्याचा मालक तेवढा बसून होता. सगळे आपल्याकडं पाहतात म्हटल्यावर म्हणाला, "मोजा ना बावा. मी काय नाई मनलं होतं काय?"

बाईंनी जीपजवळ मला थांबवलं. हातातल्या पाटीएवढ्या यंत्रावर प्रश्न होते. पती सभेत बोलले का? त्यानंतर सरपंचांनी निर्णय बदलला का? प्रत्येकाखाली हो आणि नाही, एवढ्या दोनच जागा. बाई म्हणाल्या, मी सगळं पाहिलंय, पण इथं तेवढं लिहायला जागा नाही. दोन्हींचं उत्तर हो येतं.

"तर हो लिहा," मी म्हटलं. "तो या गावचा मतदार आहे आणि त्याचं खरं होतं." हे मी कोणत्या भाषेत बोलले ते आठवत नाही. त्यांना समजलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि गाडीत बसल्या.

पद अजून आहे. पतीच्या हस्तक्षेपाबद्दल खुलासा करा, असा निरोप मात्र आला आहे. ग्रामसेवक म्हणतो थोडक्यात लिहा. मला थोडक्यात लिहिता येत नाही.

दिल्लीला काळजी होती की मी सगळं नवऱ्याला विचारून करते. मी तर दोन वर्षांत त्यांना काहीच विचारलं नव्हतं. लोकांनी पाहू नये म्हणून बाहेर विचारायचं सोडलं, आणि मग घरातही सवय मोडली. तूर गेल्याचं त्यांना काय वाटलं हेसुद्धा मला त्या दिवशी सभेत कळलं. हे कोणत्याही पाहणीत पकडलं जात नाही.

त्या संध्याकाळी ते मोरीत पाय धूत होते. मी गॅसवर कढई ठेवली आणि विचारलं, "भाजी काय करू?"

ते थांबले. "मले इचारून राहिली?"

"मंग कोनाले?"

"पाहा बा. हस्तक्षेप होईन."

मला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले, ते मी पदरानं पुसले. ते टॉवेलनं पाय पुसत विचार करत बसले. तेल तापलं, तरी उत्तर येईना.

"सांगा ना लवकर," मी म्हटलं.

"थांब ना. लय दिवसाचं कोनी इचारलं नाई. सुचूनच नाई राह्यलं."

मी गॅस बारीक केला आणि थांबले.